नोकरी सांभाळून अकाउंटन्सीत एम.कॉम. : कोकणातल्या हिशेबनिसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, सहकारी बँक, करसल्लागाराचं ऑफिस, काजूचा कारखाना, लोटे किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीतली कंपनी अशा ठिकाणी हिशेबाचं काम करता करता एम.कॉम. करू पाहणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत. विद्यापीठ कोणतं घ्यावं, हा प्रश्न बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात. आमच्या मते आधी आपलं कॅलेंडर पाहावं, मग विद्यापीठ. इथे शिक्षण अर्धवट सुटतं ते बहुधा विषय अवघड गेला म्हणून नव्हे, तर मार्चअखेर, आंब्याचा हंगाम आणि परीक्षा एकदम अंगावर आल्या म्हणून.

बी.कॉम. होऊन दहा-बारा वर्षं झाली. आता प्रवेश मिळेल का?

मिळेल. एम.कॉम.ला वयाची अट नसते. मध्ये खंड पडला असेल तर त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते तहसील कचेरीच्या आवारात एका दिवसात होतं. बी.कॉम.बरोबर बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्स), बीएमएस (व्यवस्थापन), बँकिंग-इन्शुरन्स यांच्या पदवीधरांनाही मुंबई विद्यापीठात दार उघडं आहे. कला किंवा विज्ञान शाखेच्या पदवीधरांसाठी मात्र विद्यापीठागणिक अट बदलते. माहितीपुस्तिकेतली पात्रतेची ओळ शब्दशः वाचा आणि मगच पैसे भरा.

नियमित कॉलेज घ्यावं की दूरशिक्षण?

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. रत्नागिरीत विद्यापीठाचा उपपरिसर आहे आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात एम.कॉम.चे वर्ग आहेत. इतर तालुक्यांतल्या कॉलेजांत चौकशी करताना दोन गोष्टी विचारा : अकाउंटन्सीची तुकडी या वर्षी चालू आहे का, आणि तास किती वाजता होतात. सकाळी सात ते दहा तास असतील आणि तुमची शाखा साडेदहाला उघडत असेल, कॉलेजही त्याच गावात असेल, तर नियमित प्रवेश घ्या. शिक्षकासमोर बसून शिकलेलं एकत्रित ताळेबंदाचं गणित घरी वाचून शिकलेल्यापेक्षा निम्म्या वेळात बसतं.

कॉलेज एस.टी.ने तासाभरापेक्षा लांब असेल तर आम्ही दूरशिक्षण सुचवू. हजेरी भरत नाही म्हणून सत्र वाया घालवण्यापेक्षा ते बरं. पर्याय तीन : मुंबई विद्यापीठाचं दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र (अजून सगळे त्याला ‘आयडॉल’च म्हणतात), नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. इग्नूचे प्रवेश जुलै आणि जानेवारी अशा दोन सत्रांत होतात, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असते आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पुरा करता येतो. ज्यांचा एप्रिल-मे कधीच मोकळा नसतो, त्यांनी ही सवलत गांभीर्याने तोलावी.

दूरशिक्षणाची पदवी कमी प्रतीची मानतात का?

कायद्याने नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या विनियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची दूर किंवा ऑनलाइन पद्धतीची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. मात्र ही मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती त्या विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला, त्या सत्रासाठी असते. यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोच्या संकेतस्थळावर वर्ष निवडून यादी पाहा, त्या पानाची प्रत काढून फाइलला लावा. पुढे पडताळणीत तीच कामाला येते.

‘एका वर्षात दोन वर्षांची पदवी’, ‘मागच्या तारखेचा प्रवेश’, ‘परीक्षा आम्ही बघून घेतो’ असं सांगणारा माणूस गावच्या नाक्यावरचा ओळखीचा असला तरी पदवी विकत असतो. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम दुसऱ्याला चालवायला देता येत नाही. शुल्क विद्यापीठाच्याच खात्यात जातंय ना, पावतीवर विद्यापीठाचंच नाव आहे ना, एवढं पाहिलं तरी निम्मी फसवणूक टळते.

प्रवेशाला कोणते कागद लागतात आणि घोडं कुठे अडतं?

दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, आधार, फोटो, सही, आणि लागू असेल तर जातीचा दाखला. दूरशिक्षणासाठी २०२४ पासून दोन ओळख क्रमांक सक्तीचे झाले आहेत : शैक्षणिक श्रेयांक पेढीचा एबीसी आयडी, जो डिजिलॉकरवरून निघतो, आणि त्याच्या आधारे मिळणारा दूरशिक्षण ब्यूरोचा डेब आयडी. याच क्रमाने काढा. दोन्हींसाठी आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा. जुनं सिमकार्ड बंद पडलं असेल तर आधी आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या.

सगळ्यात जास्त अर्ज नावापाशी अडतात. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. किंवा गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात यांपैकी काय चालेल हे विद्यापीठाला विचारा आणि प्रवेश सुरू होण्याच्या महिनाभर आधी हा गुंता सोडवा. शेवटच्या आठवड्यात तो सुटत नाही.

दुसरी अडचण सिंधुदुर्गात आणि घाटाजवळच्या तालुक्यांत दिसते. पदवी गोवा विद्यापीठाची किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असते आणि पुढचा प्रवेश मुंबईला घ्यायचा असतो. अशा वेळी स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, ते जुन्या विद्यापीठाकडून येतं आणि त्याला वेळ जातो. प्रवेश तात्पुरता मिळाला म्हणून निर्धास्त राहू नका. पात्रता पक्की झाली नाही तर निकाल राखून ठेवतात.

आठवड्याला अभ्यास किती लागेल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या आराखड्यात मुंबई विद्यापीठाचं दोन वर्षांचं एम.कॉम. ८८ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) आहे, म्हणजे सत्राला २२. एका श्रेयांकाला १५ तास धरले तर सत्राचे ३३० तास होतात. घरी शिकणाऱ्याला वीस आठवडे मिळाले तर आठवड्याला सोळा-सतरा तास. नोकरी करणाऱ्या माणसाकडून एवढे तास क्वचितच निघतात. पण रोज सकाळी दीड तास आणि रविवारी तीन तास, असे बारा तास बसलात तर अकाउंट्स आणि कॉस्टिंग (उत्पादनखर्चाचा हिशेब) निभतं, कारण त्याचा थोडा हात तुम्हाला आधीच असतो. दिवसभर आकडे टाकून आल्यावर रात्री पुन्हा आकडे डोक्यात शिरत नाहीत. रात्री थिअरी वाचा, गणितं सकाळी सोडवा.

वर्षाची आखणी कशी करावी?

भिंतीवरच्या कालनिर्णयावर आधी नोकरीच्या तारखा लिहा. दर महिन्याला ७ तारखेला टीडीएस (देयकांतून कापलेला कर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० ला ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र). म्हणजे महिन्यातला शांत काळ २१ पासून अखेरपर्यंत. मोठे धडे त्या दहा दिवसांत घ्या. वर्षाचा विचार केला तर जुलैअखेर विवरणपत्रं, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट. पतसंस्थेत असाल तर ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. त्यातच भाद्रपदात गणपती, आणि घरात चाकरमान्यांची पंगत उठते न उठते तोच स्वाध्याय जमा करायची तारीख येते. पहिल्या आणि तिसऱ्या सत्राचं अंतर्गत काम म्हणून गणपतीच्या आधी, आषाढ-श्रावणात उरकावं. पावसाने तसंही घराबाहेर पडणं होत नाही. वीज आणि नेटवर्क दोन-दोन दिवस जातं, म्हणून स्वाध्याय संकेतस्थळावर चढवायचा तर शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी चढवा आणि पोचपावतीचा फोटो ठेवा.

दुसरं आणि चौथं सत्र खरं कठीण. फाल्गुनात शिमगा, ३१ मार्चला वर्षअखेर, मार्चचा टीडीएस भरायला ३० एप्रिल, ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना आंबा काढणी, आणि परीक्षाही त्याच सुमाराला. या सत्राचा अभ्यासक्रम फेब्रुवारीच्या शेवटी संपलेला हवा. मार्च-एप्रिलमध्ये फक्त उजळणी होईल असं धरून चाला. तीही झाली तर.

रोज टॅलीवर काम करतो. अकाउंट्स सोपं जाईल ना?

अर्धंच. टॅलीत व्हाउचर टाकलं की खतावणी, तेरीज आणि ताळेबंद आपोआप होतो, त्यामुळे मधल्या पायऱ्या कागदावर मांडायची सवय मोडलेली असते. परीक्षेत गुण मिळतात ते त्या मधल्या पायऱ्यांना, म्हणजे वर्किंग नोट्सना. उत्तर चुकलं तरी नोट्स बरोबर असतील तर निम्मे गुण मिळतात. नुसतं उत्तर लिहिलं आणि ते चुकलं तर काहीच नाही.

कार्यालयात कधी करावा न लागणारा भाग म्हणजे सूत्रधार कंपनीचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे बहुसंख्य शेअर हाती असलेल्या कंपनीचा, एकत्रित ताळेबंद. त्यात चूक ठरलेल्या जागी होते. समजा १ ऑक्टोबरला ८० टक्के शेअर घेतले आणि उपकंपनीचा वर्षाचा नफा १२ लाख. सहा लाख खरेदीपूर्वीचे, सहा लाख नंतरचे. आधीच्यातला ४.८ लाखांचा वाटा भांडवली नफा म्हणून गुडविल किंवा भांडवली राखीव काढताना धरायचा, नंतरचा ४.८ लाख एकत्रित नफ्यात, आणि अल्पमत भागधारकांकडे दोन्ही मिळून २.४ लाख. विद्यार्थी पूर्ण ९.६ लाख एकत्रित नफ्यात ओढतात आणि मग गुडविल जुळत नाही. तारीख वाचल्याबरोबर उत्तरपत्रिकेवर काळाची रेघ काढा, म्हणजे ही चूक होणार नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. बागायतदाराला वाशीच्या घाऊक बाजारातून पट्टी (विक्रीची हिशेबचिठ्ठी) येते, त्यात विक्री १,००,००० आणि गाडीभाडं, हमाली मिळून १४,००० वजा होऊन ८६,००० हातात पडतात. इथल्या कितीतरी वह्यांत ८६,००० हीच विक्री लिहिलेली असते. परीक्षेत आणि हिशेबातही विक्री १,००,००० आणि खर्च वेगळा १४,००० असंच दाखवायचं.

कॉस्टिंगमध्ये प्रोसेस कॉस्टिंग डोक्यात बसत नाही. काय करावं?

प्रोसेस कॉस्टिंग म्हणजे टप्प्याटप्प्याने होणाऱ्या उत्पादनाचा खर्च काढणं. जवळच्या काजू कारखान्याचं गणित मांडा. समजा १,००० किलो बी, दर १२० रुपये, म्हणजे १,२०,०००. वाफवणं, फोडणं, वाळवण, सोलणी यांची मजुरी आणि इंधन ४०,०००. हाती आला गर २५० किलो, टरफल ७०० किलो, बाकी ५० किलो ओलाव्याची घट. टरफल तेलाच्या गिरणीला निव्वळ ५ रुपयांनी गेलं, म्हणजे ३,५००.

टरफल हे उपउत्पादन. त्याची निव्वळ किंमत खर्चातून वजा करायची : १,६०,००० वजा ३,५०० बरोबर १,५६,५००. भागिले २५०, गर पडला किलोला ६२६ रुपयांना. ओलाव्याची घट ही सामान्य घट, तिचा खर्च चांगल्या मालावरच बसतो. जे १,६०,००० ला ९५० किलोंनी भागतात त्यांच्या हिशेबात टरफल १६८ रुपये किलो पडतं आणि पाच रुपयांना विकलं जातं. आकडा असा वेडावाकडा आला की समजायचं, उपउत्पादनाला संयुक्त उत्पादन, म्हणजे मुख्य मालाच्या बरोबरीचं, समजून चुकलो.

आता वाफ जास्त झाली आणि २५० ऐवजी २४० किलोच गर मिळाला, दहा किलो फेकावा लागला. ही असामान्य घट. ते दहा किलो ६२६ नेच धरून ६,२६० रुपये थेट नफा-तोटा खात्याला टाकायचे. उरलेल्या २४० किलोंचा दर ६२६ च राहतो. तो दर वाढवून ६५२ करणं ही या धड्यातली सर्वात महागडी चूक.

इंड एएस ४१, म्हणजे शेतीचं भारतीय लेखामानक, आपल्या आंब्याला कसं लागतं?

झाड वेगळं आणि फळ वेगळं. हापूसचं कलम वर्षानुवर्षं फळ देतं, म्हणून ते ‘बेअरर प्लांट’. त्याला यंत्रासारखं इंड एएस १६ (स्थिर मालमत्तेचं मानक) लागतं आणि घसारा काढतात. झाडावर धरलेलं फळ इंड एएस ४१ मध्ये, न्याय्य मूल्यातून विक्रीखर्च वजा करून. काढणीच्या क्षणीही तेच मोजमाप, आणि ती रक्कम पुढे इंड एएस २ साठी (मालसाठ्याचं मानक) मालाची किंमत ठरते. आमरसाचे डबे भरले की ते पूर्ण इंड एएस २ मध्ये.

खोच गाडीभाड्यात आहे. देवगडहून वाशीपर्यंतचं भाडं न्याय्य मूल्य काढतानाच वजा होतं. ते विक्रीखर्चात धरत नाहीत. विक्रीखर्च म्हणजे दलाली वगैरे. भाडं दोनदा वजा करणारे दर परीक्षेत सापडतात. आणि हे सगळं घरच्या बागेला लागत नाही. इंड एएस आहे सूचीबद्ध कंपन्यांना आणि २५० कोटी किंवा त्याहून जास्त नक्त मत्ता असलेल्या कंपन्यांना.

ओळखीच्यांच्या जुन्या नोट्स चालतील का?

कॉस्टिंगच्या चालतील. कराच्या रद्दीत घाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्य दर ५ आणि १८ झाले, काही मोजक्या वस्तूंवर ४०. प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ आलं. तुमच्या परीक्षेला कोणता कायदा धरला आहे, हे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात पाहा. कार्यालयात काही काळ दोन्ही कायदे हाताळावे लागतील, उत्तरपत्रिकेत मात्र त्यांची मिसळ करू नका.

प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प नोकरीतून जमतो का?

जमतो, आणि नोकरदाराचा खरा फायदा इथेच आहे. दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प ४ श्रेयांकांचा, पुढे संशोधन प्रकल्प तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६. स्वतःच्याच नोकरीचं ठिकाण प्रशिक्षणासाठी चालेल का, हे मार्गदर्शकाकडून लेखी घ्या आणि मालकाकडून लेटरहेडवर पत्र घ्या. तोंडी ‘चालेल की’ यावर काम सुरू करू नका.

विषय लहान घ्या. ‘कोकणातील सहकारी चळवळीचा अभ्यास’ हा विषय कुणालाच पेलत नाही. ‘आपल्या तालुक्यातल्या तीन पतसंस्थांचं पाच वर्षांचं कर्ज-ठेव गुणोत्तर आणि थकबाकी’ हा पेलतो. त्याची आकडेवारी सभेआधी सभासदांना वाटल्या जाणाऱ्या वार्षिक अहवालात छापलेलीच असते, गोपनीय कागदाला हात लावावा लागत नाही. सभासदाचं नाव, खाते क्रमांक, वैयक्तिक थकबाकी प्रकल्पात आणू नका. त्यातून नोकरी जाऊ शकते. मच्छीमार नौकांचा खर्च घेणार असाल तर ध्यानात ठेवा, डिझेल जीएसटीत नाही. त्यामुळे त्यावर इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही. प्रश्नावल्या भरून घ्यायच्या तर पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात जा. एरवी नाखवा बंदरावर भेटणार नाही, आणि भेटला तरी बसणार नाही.

परीक्षा केंद्र मुंबईचं घ्यावं का? तिकडे नातेवाईक आहेत.

नको. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं आणि सुट्टीच्या दिवसांत मिनिटांत संपतं. परीक्षेचं वेळापत्रक बहुधा त्यानंतर जाहीर होतं. जवळचं केंद्र घ्या. पावसाळ्यात गाड्या वेगळ्या, धिम्या वेळापत्रकाने धावतात आणि दरड कोसळली तर रस्ताही बंद. केंद्र दुसऱ्या तालुक्यात असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचा.

पेपर मराठीत लिहिता येतो का?

माध्यमाचा पर्याय प्रवेश अर्जात किंवा परीक्षा अर्जात असतो, तिथे नीट खूण करा. मराठीत लिहिलंत तरी संज्ञा अभ्यासपुस्तकातल्याच वापरा. रोजकीर्द, तेरीज, नावे-जमा हे शब्द पतसंस्थेत अंगवळणी पडलेले असतात. पण ‘डिफर्ड टॅक्स’ला मनाने शब्द घडवलात तर तपासनीसाला कळणार नाही.

एम.कॉम. झाल्यावर ऑडिटवर सही करता येते का?

नाही. कंपनीचं वैधानिक लेखापरीक्षण आणि टॅक्स ऑडिट चार्टर्ड अकाउंटंटच करू शकतो. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करायची असेल तर वाणिज्य शाखेची पदवी पुरते, अर्ज पीसीटी-०१ नमुन्यात. म्हणजे केवळ त्यासाठी एम.कॉम. करण्याचं कारण नाही.

मग उपयोग काय? पगार वाढतो का?

आपोआप नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत वेतनवाढ मिळते ती जेएआयआयबी-सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षांना. एम.कॉम.चा उपयोग मुख्यतः पुढच्या दारांसाठी. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवीत किमान ५० टक्के आणि सोबत बी.एड. लागतं. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.कॉम.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा. नेटमध्ये वाणिज्याचा विषय क्रमांक ०८, पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, तीन तास सलग, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सहायक प्राध्यापकासाठी वयोमर्यादा नाही. चाळिशीत नेट देणाऱ्याला हे ठाऊक असलेलं बरं. आणि ५५ टक्क्यांचा आकडा पहिल्या सत्रापासून डोळ्यासमोर ठेवा. ५४ वर अडकलेल्या माणसाला पुढे फार मनस्ताप होतो.

सोबत सीए किंवा दुसरी पदवी करता येईल का?

यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे : एक नियमित आणि एक दूरशिक्षणाची, किंवा दोन्ही दूरशिक्षणाच्या. दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. नोकरी, एम.कॉम. आणि सीए इंटर एकदम मात्र करू नका. इंटरची मागणी एम.कॉम.च्या दुप्पट आहे. ज्याला सीएच व्हायचं आहे त्याने एम.कॉम.ला दोन वर्षं देऊ नयेत.

मध्येच सोडावं लागलं तर?

पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पुरे केलेत तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं आणि मिळवलेले श्रेयांक पेढीत जमा राहतात. म्हणून एखाद्या सत्राला अडचण आली तर आहेत ते विषय अर्धेमुर्धे देण्यापेक्षा दोन-तीन निवडून ते नीट पास व्हा. राहिलेल्या विषयाच्या पुनर्परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याची तारीख कुणी फोन करून कळवत नाही. विद्यापीठाच्या सूचना दर सोमवारी पाहायच्या.

शुल्कासाठी कर्ज काढावं का?

शक्यतो नको. दूरशिक्षणाचं शुल्क बहुतेक नोकरदारांना हप्त्याहप्त्याने, वर्षावर्षाला भरता येण्यासारखं असतं. काढलंच तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण जुन्या करप्रणालीत असाल तरच. नव्या प्रणालीत ती नाही. मालकाला ऑफिसातर्फे शुल्क भरायची तयारी आहे का, हे एप्रिलमध्ये विचारा. मार्चमध्ये कुणाच्याच मालकाचा मूड बरा नसतो.